जंगल बंद असतानाचे दोन दिवस

ऑगस्ट अर्धा सरला की तो मेल येतो. वाढा, एकमेकांशी जुळा, ताजेतवाने होऊन परता. दरवर्षी तीच तीन वाक्यं, फक्त जागा बदलून बसलेली. खाली हिरव्यागार जंगलाचा फोटो आणि त्यात एक वाघ. वाघ या दिवसांत कुणालाच दिसत नाही, हे फोटो लावणाऱ्यालाही माहीत असावं. पावसाळ्यात पेंचचं जंगल बंद असतं. जिप्सी गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात, गाइड आपापल्या धानाच्या बांधीत उतरलेले असतात, आणि रिसॉर्टच्या खोल्या अर्ध्या भावात मिळतात. म्हणून आमच्या कंपनीला चांगले अधिकारी घडवायची आठवण नेमकी याच दिवसांत होते. दोन दिवस, एक रात्र. वरचे लोक त्याला रिट्रीट म्हणतात. आम्ही गोदामातली माणसं शिबिर म्हणतो.

यंदाच्या मेलमध्ये माझं नाव यादीत नाही, यादीच्या वर आहे. दुसऱ्या दिवशीचा 'मोकळ्या मनाचा गोल' मी चालवायचा आहे. मी उत्तरात 'हो' टाइप केलं आणि पाठवलं नाही. तीन दिवस झाले, ते तसंच पडलंय. कारण आठ वर्षांपूर्वी त्याच गोलात बसून भोयरभाऊंनी आपली भीती सांगितली होती, आणि माझ्यामुळे त्यांची जागा गेली. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं.

या दिवसांत आमच्या सक्करदऱ्याच्या घरात कपडे वाळत नाहीत. पंख्याखाली दोरी बांधून टाकलेले असतात, तरी त्यांना तो ओला, आंबूस वास येतोच. मीठ डब्यात दगड होऊन बसतं. ऊन पडलं तर ते अंगाला चिकटतं, आणि आभाळ आलं तर श्वास जड होतो. आई मात्र या दिवसांत खूश असते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो. रोज संध्याकाळी ती पांढरं लुगडं नेसून, छत्री घेऊन विहारात जाते. तिथे धम्मग्रंथाचं वाचन असतं. आईला वाचता येत नाही. ती ऐकते. ऐकताना तिचे डोळे मिटलेले असतात आणि शेजारचीला वाटतं म्हातारी झोपली. पण घरी आल्यावर ती कालचं आणि आजचं जोडून सांगते.

लहानपणी मी तिथे वाचायला बसायचे. दहा-अकरा वर्षांची असेन. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, पोट्टीचा आवाज खणखणीत आहे. बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करायचे. ते उशिरा यायचे, चपला दाराबाहेर काढून मागच्या भिंतीला टेकायचे, खांद्यावर धान्याची धूळ. मी वाचताना चुकून त्यांच्याकडे पाहिलं की ते नजर खाली घालायचे. हसू लपवायला.

विहारातल्या भन्तेजींनी तेव्हाच सांगितलं होतं, वर्षावास कशाला असतो. पावसात जमिनीतून सगळं उगवून येतं. कोंब, किडे, गांडुळं. चालणाऱ्याच्या पायाखाली ते चिरडतं. म्हणून भिक्खूंनी तीन महिने हिंडायचं नाही, एका जागी थांबायचं. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. आपल्या पायाखाली काय येतं हे पाहण्यासाठी थांबायचं. आपल्याला विश्रांती मिळते, ती वर जोडून आलेली.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. आमच्या गल्लीतलीसुद्धा. हे मी लाजून सांगत नाही, छाती पुढे काढून सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पुस्तकं नव्हती, शिकवणी नव्हती, आणि घरी विचारावं असं कुणी नव्हतं. मग मी एक युक्ती केली. वर्गात सर जे बोलतील ते सगळं लिहायचं. महत्त्वाचं कोणतं आणि बिनमहत्त्वाचं कोणतं, हे कळायला घरात शिकलेलं माणूस लागतं. मला ते कळायचं नाही, म्हणून मी काही सोडायचेच नाही. माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत मागणीच्या नियमाखाली लिहिलेलं आहे, 'मागची खिडकी लावा रे कुणी'. पोरी हसायच्या. परीक्षेच्या आधी त्याच पोरी वही मागायला यायच्या.

त्या वहीनं मला पास केलं, नोकरी दिली, धरमपेठेतल्या ऑफिसात इंटरव्ह्यूला बसवलं. पुढे गोदामात लागले तेव्हा मीटिंगच्या नोंदी माझ्याकडेच आल्या. मेश्राममॅडम लिहितात म्हणजे एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, असं साहेब म्हणायचे. मला ते फार गोड वाटायचं.

आमचं गोदाम वर्धा रोडच्या बाजूला. देशभरचा माल येतो, उतरतो, रॅकवर चढतो, पुन्हा निघतो. भोयरभाऊ, म्हणजे केशव भोयर, माल उतरवायच्या धक्क्याचे इन्चार्ज. मूळचे भिवापूरचे. पन्नाशी ओलांडलेले, काटक, कानाच्या मागे कायम एक पेन. आवाज असा की ट्रकच्या इंजिनावरून जायचा. त्यांच्या पाळीत माल फुटायचा नाही आणि भांडण व्हायचं नाही. मी नवी असताना पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "घाबराचं नाही ताई. इथं ट्रक मोठे हायेत, माणसं आपल्याच मापाचे हायेत."

त्या शिबिराच्या दोन वर्षं आधी एक रॅक कोसळला. साबणाच्या खोक्यांचा. भोयरभाऊ त्याखाली सापडले. खोके काढून त्यांना बाहेर आणायला वीसेक मिनिटं लागली. हाड मोडलं नाही, टाका पडला नाही. दोन दिवस सुट्टी घेऊन माणूस परत कामावर. सगळे म्हणाले, नशीब.

शिबिराला आम्ही चौदा जण होतो. सकाळी निघालो तेव्हापासून पाऊस. रामटेकचा फाटा मागे गेला तशी शेतं जास्तच हिरवी होत गेली, इतकी की डोळ्याला ओली वाटावीत. बसमध्ये शेखभाई, आमचे स्टोअरकीपर, शेवटच्या सीटवरून ओरडले, "भोयरभाऊ, वाघ दिसला तर त्याला पण लोडिंगला लावता का?"

"वाघाले कायले? तुमी हाय ना. दिवसभर झोपून राहाले दोघं जोडीनं."

बस हसली. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडमही हसल्या. चांगल्या बाई होत्या. आजही मी त्यांच्याविरुद्ध काही बोलणार नाही.

आणि शिबिराविरुद्धही नाही. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला जे मिळालं ते आधी कधी मिळालं नव्हतं. पांढरी चादर होती. सकाळचा चहा मी केलेला नव्हता. जेवणाच्या टेबलावर साहेब आणि हमालांचा मुकादम शेजारी बसले होते आणि दोघांनाही काट्यानं खाता येत नव्हतं. डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याचा हात धरून चालायचा खेळ होता. माझा हात भोयरभाऊंनी धरला होता. वाटेत चिखल आला की ते नुसतं बोटानं दाबायचे, बोलायचे नाहीत, आणि मला कळायचं. झाडांतून पाणी टपकत होतं. वीस वर्षं मी कुणाच्या भरवशावर एक पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पाऊणशे-शंभर टाकली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल झाला. लांबट हॉल, काचेबाहेर पाऊस, सतरंजीवर आम्ही पंधरा जण. मॅडम म्हणाल्या, इथे बोललेलं इथेच राहील. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही छान लिहिता असं ऐकलंय. थोडे मुद्दे टिपून ठेवाल? समारोपात उपयोगी पडतील." मी वही उघडली. पहिल्या ओळीवर लिहिलं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात: इथे बोललेलं इथेच राहील.

तेही मी सोडलं नाही.

एकेकानं काहीबाही सांगितलं. मुलाचं शिक्षण, बदली, रक्तदाब. साहेब म्हणाले, मला नाही म्हणता येत नाही. मग भोयरभाऊंची पाळी आली. ते आधी नुसते गुडघ्यावरचा हात पाहत बसले.

"मले एवढं बोलता नाही येत जी," ते म्हणाले. "पण मॅडमनं खरं बोला म्हटलं, तं सांगतो. मले भेव वाटते. रॅक पडला ना, त्या दिवसापासून मी रॅकखाली गेलोच नाही. दारात उभा राहून वरडतो. तुमाले वाटते भोयरचा आवाज मोठा हाय. आवाज मोठा नाही, पाय उचलत नाही म्हणून वरडा लागते. पोट्टेच सांभाळून घेतात. फोर्कलिफ्ट मागं येते, तिचं ते पीपपीप सुरू झालं का हात असा होते." त्यांनी हात वर करून दाखवला. तो तेव्हाही थरथरत होता, तिथे तर फोर्कलिफ्टही नव्हती. "अन् साबण. घरी साबण बंद करून टाकला मी. वास सहन नाही होत. बेसनानं अंग धुतो. बायको म्हणते, रोज बेसन कायले, नवरदेव होऊन राहिले का जी?"

आम्ही हसलो. तेही हसले. हसता हसता त्यांचा चेहरा मध्येच कुठेतरी घसरला आणि ते रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, कानामागे पेन, भर सकाळी. शेखभाई उठून त्यांच्या मागे जाऊन बसले, पाठीवर नुसता हात ठेवला.  

मी लिहीत होते.

डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, हे खोटं नाही. पण हात थांबला नाही. हाताला थांबायचं शिक्षणच नव्हतं. रॅक, दार, पीपपीप, साबण, बेसन, नवरदेव, सगळं. शेवटी कंसात लिहिलं, रडले.

जेवायच्या आधी साहेबांनी विचारलं, "नोंदी घेतल्या ना? मला पाठवून ठेवा." मी विचारलं नाही कशाला. साहेबांनी काही मागितलं आणि ते आपल्याजवळ तयार आहे, यापेक्षा मोठा आनंद मला तोवर माहीत नव्हता. परतीच्या बसमध्ये फोनवर सगळं टाइप केलं. स्पेलिंगं तपासली. नावांपुढे पद लिहिलं. पाठवून दिलं. साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं, उत्कृष्ट. मी तो शब्द दोनदा वाचला. पुढच्याच सीटवर भोयरभाऊ खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

शिबिरानं माणूस बदलतो का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, बदलतो. मी पाहिलंय. सोमवारी भोयरभाऊ मला म्हणाले, "ताई, झोप लागली. दोन वर्षांनी सरळ सकाळ झाली." त्या आठवड्यात ते पहिल्या रॅकच्या खाली चार पावलं गेले. पोरांनी माल उतरवणं थांबवलं आणि पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात पहिला रॅक पूर्ण. मग दुसरा. पोरं बोटांवर मोजायची. भाऊ पलीकडून ओरडायचे, "काय पाहून राहिले बे? नवरी येऊन राहिली का? खोके उचला!" पण आवाज जवळून यायचा आता. आतून यायचा.

तिसऱ्या रॅकच्या मध्यावर असताना त्यांना पत्र मिळालं. प्रकृती आणि सुरक्षेच्या कारणास्तव आपली नेमणूक मुख्य फाटकावर करण्यात येत आहे. पगार तोच. काम गाड्यांचे नंबर लिहिण्याचं.

मी ते पत्र पाहिलं तेव्हा त्यातलं एक वाक्य ओळखीचं वाटलं. रॅकखाली जाण्यास असमर्थ. इंग्रजी माझं होतं.

साहेबांकडे गेले. ते फायलीतून वर पाहत म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, मॅडम? लेखी आहे आता. लेखी असल्यावर मला डोळे झाकता येत नाहीत." मी म्हणाले, सर, ते जात होते रॅकखाली, तीन आठवडे जात होते. साहेब म्हणाले, "ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मी नुसतं पाहिलं होतं.

फाटकावर भोयरभाऊंना टोपी दिली, पत्र्याचं छत दिलं, एक रजिस्टर दिलं. मी रोज सकाळी तिथूनच आत जायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला थांबवलं.  ते म्हणाले, "मले समजलं ताई, कसं झालं ते. मागच्या महिन्यात कंपनीचा डॉक्टर आला होता ना तपासाले. त्यानं हात पकडला माहा. तवाच त्याच्या ध्यानात आलं असन. डॉक्टरचं कामच ते. कोणाले काय म्हणाचं?"

मी म्हणाले, "असेल."

एवढाच शब्द. बाकी आयुष्यात मी तोंडावर बोलणारी बाई. सासूला बोलले, साहेबांना बोलले, नळाच्या रांगेत नगरसेवकाला बोलले. आणि तिथे, पत्र्याखाली, असेल.

दोन वर्षं त्यांनी गाड्यांचे नंबर लिहिले. अक्षर वाईट होतं, पण नंबर कधी चुकला नाही. पावसात रजिस्टर भिजू नये म्हणून छातीशी धरायचे. धक्क्यावरची पोरं सुरुवातीला दुपारी डबा घेऊन त्यांच्याकडे जायची, मग एकेक कमी होत गेलं. मोठा आवाज लागेल असं फाटकावर काही नव्हतं. हळूहळू तो गेलाच. दोन वर्षांनी ते मला नमस्कार करायचे तेव्हा पुढे वाकून ऐकावं लागायचं. मग एक दिवस राजीनामा दिला आणि भिवापूरला निघून गेले. निरोपाचा हार मी घातला. तोवर माझी बढती झाली होती. त्या नोंदींच्या मेलमुळे झाली असं कुणी म्हणालं नाही. नाही झाली, असंही नाही.

खुर्ची मोठी झाली की शिबिरं वाढतात. त्यानंतर मी पाच वेळा गेले. दरवेळी पांढरी चादर, दरवेळी गोल. दरवेळी कुणीतरी थोडं उघडतं, बाकीच्यांना थोडं बरं वाटतं. मी वही नेत नाही. पण माझी पाळी आली की मीही साहेबांसारखंच काहीतरी सांगते. मला नाही म्हणता येत नाही, वगैरे. लोक माना हलवतात. मी परत येते, ऑफिसात दोन आठवडे सगळ्यांशी गोड बोलते, मग पाऊस ओसरतो आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी आश्विनी पौर्णिमेला आईसोबत विहारात गेले. वर्षावासाचा समारोप होता. पाऊस गेला होता पण गारवा अजून आला नव्हता. भन्तेजींनी पवारणेबद्दल सांगितलं. तीन महिने एका छताखाली राहिलेले भिक्खू शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. आणि प्रत्येक जण, अगदी सगळ्यांत वडील असलेलाही, दुसऱ्यांना हात जोडून विनंती करतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी मला सांगा. तेवढं झालं की मगच तिथून निघायचं.

मी लहानपणापासून दर वर्षी ते ऐकत आले होते. त्या दिवशी ते माझ्या पाठीत जाऊन बसलं.

घरी येताना आई म्हणाली, "काय वं, काहून गप बसून राहिली? तब्येत बरी नाही का?"

मी तिला रस्त्यातच सगळं सांगितलं. ती ऐकत चालत राहिली.  मग म्हणाली, "त्याले माहीत हाय का?"

"नाही."

"मंग मले कायले सांगतं?"

पुढच्या रविवारी मी भिवापूरची एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीची हिरवी वावरं, अजून लाल व्हायला वेळ असलेली. भोयरभाऊंनी तिथे पिठाची चक्की घातली आहे, घराच्या ओट्याला लागूनच. मी पोचले तेव्हा ते भुवयांपर्यंत पांढरे होते. मला पाहून चक्की बंद केली.

"अरे बाप्पा! मेश्रामताई! अवं, पाहा तं कोण आलं! चहा मांड." आतून त्यांची बायको आली, हात पुसत. भाऊ तिला म्हणाले, "ह्याच त्या. डोळ्याले पट्टी बांधून मी ज्याईले चालवलं होतं, ह्याच."

बायको हसली. "लय वेळा ऐकलं तुमचं. पावणा आला का हेच सांगतात. पेंचले नेलं होतं, सायेब बाजूले बसून जेवला, शेखभाईनं पाठीवर हात ठेवला. आमाले पाठ झालं सारं."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. चहा घ्यायचा, मिरचीचं पीक कसं आहे विचारायचं, आणि निघायचं. पण मी ठरवून आले होते. मी तोंडावर बोलणारी बाई. ती चहा करायला आत गेली आणि मी सांगून टाकलं. डॉक्टर नव्हता. मी होते. मी लिहिलं, मीच पाठवलं.

ते ऐकत होते. पीठ लागलेला हात दुसऱ्या हातानं झटकत होते, पण पीठ जात नव्हतं.

"आपण गोलात बसलो होतो तवाच लिहून राहिल्या होत्या?"

"हो."

"मले वाटलं मॅडमनं सांगितलेलं काही अभ्यासाचं लिहून राहिल्या असतीन." मग म्हणाले, "सारं लिहिलं?"

"शब्दाला शब्द."

"मी रडलो, तेबी?"

"हो."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. कपबशांचा आवाज येत होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "धक्क्यावरचं काम गेलं तं गेलं ताई. फाटक तं फाटक. मले त्याचं काही नाही वाटलं. तीस वर्षं काम केलं, त्यात तेवढे दोन दिवस होते का कोणी मले माणसावानी ऐकलं. तेवढेच मी घरी आणले होते." त्यांनी पुन्हा हात झटकले. "आता हिले काय सांगू? पावणे येतात, हीच म्हणते, सांगा ना जी, पेंचचं सांगा."

मी म्हणाले, "भाऊ, मला माफ करा."

"केलं ना. केलं." ते घाईनं म्हणाले, जसं गिऱ्हाइकाला पिशवी घ्या म्हणतात तसं. "पण सांगितलं नसतं तं चाललं असतं."

मग चहा आला. आम्ही तिघं तो प्यायलो. बायको म्हणाली, "काय झालं, गप काहून झाले?" भाऊ म्हणाले, "काही नाही. कामाचं बोलून राहिलो."

भन्तेजी सांगतात ते विचारण्याबद्दल आहे. माझं काय चुकलं ते तुम्ही मला सांगा, असं. म्हणजे बोलायचं की नाही, किती बोलायचं, हे समोरच्याच्या हातात. मी ते चाळीस वर्षं ऐकलं, आणि गेले तेव्हा विचारलं नाही. सांगितलं. माझ्याजवळ होतं ते सगळं त्यांच्या ओट्यावर ओतून आले, काही सोडलं नाही. त्यांना ते हवं होतं का, हे मी त्यांना ना गोलात विचारलं, ना ओट्यावर.

स्टँडपर्यंत सोडायला ते आले नाहीत. गिऱ्हाईक आलं होतं. मागून चक्की सुरू झाल्याचा आवाज आला.

एसटी उमरेडला दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरले आणि मला भूक लागली. साधी नाही, सपाटून. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे खरं, पण ही भूक तेवढ्याची नव्हती. किती वर्षांनी छातीवर काही नव्हतं. श्वास खालपर्यंत जात होता. गाड्यावर आलुबोंडे तळत होते. एक घेतला, उभ्यानंच खाल्ला, तोंड भाजलं तरी थांबले नाही. तिकडे भिवापुरात एक माणूस चक्कीपाशी बसून त्या दोन दिवसांतलं एकेक उचलून पुन्हा पाहत असणार, कोण हसलं, कोण खरं ऐकत होतं, कुणाच्या हातात काय होतं. हे मला कळत होतं. स्वच्छ कळत होतं. आणि मी गाडेवाल्याला म्हणाले, भाऊ, अजून एक द्या.